स्वस्तातली टेबल सॉ घेताय? मोटर नंतर बघा, आधी फेन्स हलवून बघा

घरच्या वर्कशॉपसाठी मी आत्तापर्यंत दोन टेबल सॉ घेतल्या, म्हणजे टेबलातून गोल ब्लेड वर आलेली लाकूड कापायची मशीन. पहिली सहा महिन्यांत काढून टाकली, दुसरी दोन वर्षं झाली रोज नाही पण दर आठवड्याला चालतेय, आणि या दोन्हींमधे जो फरक आहे तो मला पहिल्याच वेळी कोणी नीट समजावून सांगितला असता तर पैसे वाचले असते आणि पोटावरचा तो हिरवानिळा डागही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, थोडं लांब होईल पण ज्यांना घ्यायचीय त्यांनी वाचा.

पहिली घेताना मी काय बघितलं? मोटर. डब्यावर मोठ्या अक्षरात हॉर्सपॉवर लिहिलेली, २५४ मिमीची म्हणजे १० इंची ब्लेड, खाली स्टँड फुकट, वर एक लेझरची लाइन पण पडायची. माझ्या ओळखीचे एक सुतारकाम करणारे काका आहेत, चाळीस वर्षं लाकडात काढलीत त्यांनी, त्यांना मी मशीन दाखवली तर त्यांनी बटण दाबलंच नाही, नुसता फेन्स, म्हणजे लाकूड जिला टेकवून सरळ ढकलतात ती बाजूची पट्टी, धरला, लॉक केला, आणि मागच्या टोकाला अंगठ्याने बाजूला ढकललं. तो हलला. चांगला दोन-तीन मिमी हलला. "ताई, मोटर काय बघत बसलात, हा बघा आधी," एवढंच बोलले. मला तेव्हा वाटलं की एवढ्याने काय होतंय, लाकूड काय तीन किलोच्या जोराने ढकलणारे का त्याला.

ढकलतं. महिनाभरात कळलं. साधी १२ मिमी प्लायची पट्टी कापत होते, रुंदीला हाताएवढी असेल, फेन्सचं मागचं टोक हळूच ब्लेडकडे सरकलं, पट्टी ब्लेडच्या मागच्या दात्यांत आणि फेन्समधे अडकली आणि काय होतंय ते कळायच्या आत सरळ येऊन पोटावर बसली. आवाज असा झाला की घरातले धावत आले. बोटांना काही झालं नाही, जाड जॅकेट होतं म्हणून कातडी फाटली नाही, पण तीन आठवडे डाग होता आणि त्यापेक्षा जास्त दिवस मशीन चालू करताना हात थरथरायचा. मशीनवर रायव्हिंग नाइफ (ब्लेडच्या मागचा पत्रा, त्याबद्दल पुढे लिहिलंय) आलेला, पण तो गार्डला म्हणजे ब्लेडवरच्या झाकणाला जोडलेला होता, गार्ड आड येतो म्हणून मी तो काढून ठेवला होता आणि गार्डबरोबर नाइफपण गेला. ही चूक माझी. पण फेन्स हलत होता ही मशीनची.

हे का होतं ते एकदा नीट समजून घ्या, कारण मग मशीन निवडणं फार सोपं होतं. टेबल सॉची ब्लेड तुमच्या दिशेने फिरते, म्हणजे पुढचे दाते लाकडाला खाली टेबलावर दाबत कापतात, तिथे काही प्रॉब्लेम नाही. मागचे दाते मात्र टेबलातून वर येत असतात. लाकूड तिकडे जरा जरी घासलं तरी ते दाते त्याला उचलतात आणि ब्लेडवरून तुमच्याकडे फेकतात. वेग किती ते हिशोब करून बघा, २१० मिमीची ब्लेड मिनिटाला ५८०० फेरे फिरत असेल तर दात्याचा वेग सेकंदाला जवळपास ६४ मीटर होतो, म्हणजे ताशी २३० किलोमीटर. त्या वेगाला लाकूड लागलं की माणसाचा हात काय थांबवणार. याला किकबॅक म्हणतात. आणि लाकूड मागे घासायची कारणं मुख्यतः दोनच, एक तर फेन्स ब्लेडला समांतर नाही, मागे ब्लेडकडे झुकतोय, किंवा लाकडातच ताण होता आणि कापल्यावर दोन्ही भाग परत जवळ येऊन ब्लेडला चिमटा बसला. पहिल्यावर उपाय चांगला फेन्स, दुसऱ्यावर उपाय रायव्हिंग नाइफ. बाकी सगळं यानंतर.

म्हणून दुसऱ्यांदा घेताना मी यादी उलटी केली. आधी फेन्स, मग रायव्हिंग नाइफ, मग टेबलातली मायटर गेजची खाच (आडवा कट घेताना लाकूड धरून सरकवायचा गेज), मग साइज, आणि अगदी शेवटी मोटर.

घेतली ती डीवॉल्ट डीडब्ल्यूई ७४८५. छोटी जॉबसाइट सॉ आहे, ब्लेड २१० मिमीची म्हणजे सव्वाआठ इंची, १८५० वॉटची मोटर, वजन साधारण २२ किलो, म्हणजे मी एकटी उचलून बाजूला ठेवू शकते. हिच्यातली खरी गोष्ट म्हणजे फेन्स रॅक अँड पिनियनवर चालतो. टेबलाच्या पुढे आणि मागे दोन रेल, दोन्हीला दाते, मधून एक दांडा, पुढे गोल नॉब फिरवला की फेन्सची पुढची आणि मागची दोन्ही टोकं एकाच वेळी तेवढीच सरकतात. त्यामुळे फेन्स तिरका व्हायला जागाच राहत नाही. पहिल्या मशीनवर माझी पद्धत अशी होती की फेन्स सरकवायचा, पुढे टेपने मोजायचं, मागे मोजायचं, मागचं टोक हाताने ठोकायचं, लॉक करायचं, लॉक करताना तो परत सरकायचा, परत मोजायचं. एका कटला पाच मिनिटं. आता नॉब फिरवते, स्केलवर आकडा बघते, लीव्हर दाबते, झालं. आणि त्यातही बारीक सरकवता येतं, अर्धा मिमी हवा असेल तर नॉबला नुसता बोटाचा स्पर्श पुरतो. ड्रॉवरच्या बाजू चार सारख्या काढायच्या असतात तेव्हा याची किंमत कळते, फेन्स हलवून परत त्याच आकड्यावर आणला तरी आधीच्या तुकड्याला नवा तुकडा लावून बोट फिरवलं तर जोड लागत नाही.

फेन्स ब्लेडपासून उजवीकडे किती लांब जातो हा आकडा पण बघा. हिच्यावर साडेचोवीस इंच म्हणजे ६२२ मिमी जातो. हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो कारण प्लायची पूर्ण शीट ८ बाय ४ फुटाची असते, ४ फुटाचा अर्धा म्हणजे २४ इंच, तेव्हा शीटच्या बरोबर मधोमध उभा कट घ्यायचा असेल तर २४ लागतातच. त्याहून कमी असलेली मशीन घेतली की पहिल्याच कपाटाला अडतं. बॉशची जीटीएस ६३५-२१६ आहे तिच्या तर नावातच हे आकडे आहेत, ६३५ मिमी रुंदी आणि २१६ मिमीची ब्लेड. ज्यांना त्याहून जास्त रुंद हवंय त्यांच्यासाठी डीवॉल्टचीच मोठी डीडब्ल्यूई ७४९२ आहे, २५० मिमी ब्लेड, ८२५ मिमी रुंदी, फेन्स तोच रॅक अँड पिनियनचा, पण मग वजन आणि जागा दोन्ही वाढतं.

आता लोकांचा नेहमीचा प्रश्न, १० इंची घेऊ का सव्वाआठची. माझं प्रामाणिक मत, घरी फर्निचर करणाऱ्याला सव्वाआठची पुरते. २१० च्या ब्लेडने सरळ कटला ६५ मिमी खोली मिळते, ४५ अंशात तिरका केला की साधारण ४५ मिमी. १० इंचीत सरळ कटला ७७-७९ पर्यंत जाते. आता विचार करा की तुम्ही ६५ मिमीपेक्षा जाड लाकूड वर्षातून कितीदा कापता. मी दोन वर्षांत एकदाच कापलं, टेबलाच्या पायांसाठी, आणि ते एका बाजूने अर्धं, मग उलटं करून दुसऱ्या बाजूने अर्धं असं निघालं. उलट छोट्या ब्लेडचा फायदा असा की तेवढ्याच मोटरला कमी ओझं पडतं, आणि ब्लेडही स्वस्त पडते. हां, एक आहे, हिच्यावर डेडो सेट लागत नाही, म्हणजे रुंद खाच एका फटक्यात काढायला दोन-तीन ब्लेड एकत्र बसवतात ते हिच्या आर्बरवर, म्हणजे ब्लेड बसते त्या दांड्यावर, बसत नाही. युरोपसाठी बनवलेल्या बऱ्याच मशीनवर तसंही आर्बर आखूडच असतो. मी खाचा राउटरने (खाचा कोरायचं हातातलं मशीन) काढते किंवा एकाच ब्लेडने चार-पाच वेळा बाजूबाजूला कट घेऊन मग पटाशीने तळ साफ करते, मला अडलं नाही. ज्यांचं सगळं कामच कपाटांच्या खाचांचं आहे त्यांनी मात्र हा मुद्दा आधी बघावा.

मोटरबद्दल थोडंसं. प्लगवर चालणाऱ्या पोर्टेबल मशीनमधे बहुतेक युनिव्हर्सल मोटर असते, कार्बन ब्रशवाली, ड्रिलमधे असते तशीच पण मोठी. छोटी, हलकी, वेगवान आणि प्रचंड आवाज करणारी. मोठ्या कॉन्ट्रॅक्टर आणि कॅबिनेट सॉमधे इंडक्शन मोटर असते, ती बेल्टवर चालते, आवाज कमी, जोर जास्त, टेबल बिडाचं, पण वजन १०० किलोच्या पुढे. स्वस्तातल्या वर्गात तुम्हाला पहिलीच मिळणार. त्यात डब्यावर हॉर्सपॉवर लिहिली असेल तर वॉटचा आकडा शोधा आणि ७४६ ने भागा, एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट. आणि तोसुद्धा मशीन विजेतून किती ओढते तो आकडा असतो, ब्लेडला त्यातला सगळा मिळत नाही, बराचसा उष्णतेत जातो. म्हणजे "३ हॉर्सपॉवर पीक" वगैरे लिहिलेलं असेल तर ते वाचून पुढे जा. १५०० ते २००० वॉटमधलं काहीही घ्या, धारदार ब्लेड असेल तर सगळी कामं होतात, बोथट ब्लेड असेल तर कुठलीच होत नाहीत.

आवाजाचं मात्र हलक्यात घेऊ नका. बंद खोलीत या मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो, इअरमफ न लावता मी एकही कट घेत नाही. शेजारी असतील तर वेळ ठरवून घ्या. भुशाचंही तसंच. लाकडाची बारीक धूळ कॅन्सरकारक आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९९५ मधेच जाहीर केलेलं आहे, तंबाखूचा धूर ज्या पहिल्या गटात आहे त्याच गटात. मशीनच्या मागे धूळ ओढायचं तोंड असतं, त्याला शॉप व्हॅक्युम जोडला की खालची बरीचशी जाते, पण वरून उडते ती उडतेच, म्हणून मास्क लागतोच. एमडीएफ कापताना तर दारं उघडी ठेवा आणि मास्क चांगल्यातला घ्या.

रायव्हिंग नाइफ. याबद्दल मला जरा जास्त लिहायचंय. ब्लेडच्या लगेच मागे एक वाकडा पत्रा असतो, तो ब्लेडबरोबर वरखाली होतो आणि तिरकी केली तर तिरका होतो, म्हणजे ब्लेडपासूनचं त्याचं अंतर कायम तेवढंच राहतं. लाकूड कापून पुढे गेलं की कटच्या फटीत हा पत्रा बसतो, मग फट मिटत नाही आणि लाकूड मागच्या दात्यांवर सरकतही नाही. जुन्या किंवा फार स्वस्त मशीनमधे याच्याऐवजी स्प्लिटर असतो, तो ब्लेडबरोबर हलत नाही, ब्लेड खाली केली की दोघांमधे मोठी गॅप पडते, आणि पूर्ण खोल नसलेला कट घ्यायचा तर काढावाच लागतो. एकदा काढला की परत कोण बसवतंय. खरा रायव्हिंग नाइफ खालच्या पोझिशनला ढकलला की ब्लेडच्या टोकापेक्षा किंचित खाली राहतो, मग खाच काढतानाही तो जागेवर असतो. माझ्या आत्ताच्या मशीनवर गार्ड वेगळा निघतो आणि नाइफ तसाच राहतो, पान्हा लागत नाही. पहिल्या मशीनवर हे असं असतं तर तो प्लायचा तुकडा माझ्या पोटापर्यंत आलाच नसता. दुकानात बघायला गेलात तर हे करून बघा, गार्ड काढा, नाइफ राहतो का? ब्लेड वरखाली करा, नाइफ सोबत जातो का? दोन्हीला हो असेल तरच पुढे बोला.

नवीन ब्लेड घेताना या नाइफच्या जाडीकडे बघावं लागतं हे मला उशिरा कळलं. नाइफवर जाडी कोरलेली असते. ब्लेडच्या पत्र्यापेक्षा तो जाड हवा आणि दाते जेवढी फट पाडतात त्यापेक्षा पातळ हवा. फट पाडायच्या जाडीला कर्फ म्हणतात, पूर्ण कर्फ साधारण ३.२ मिमी आणि पातळ कर्फ २.४ मिमी किंवा त्याच्या आसपास. छोट्या मशीनला पातळ कर्फच द्या, लाकूड कमी खाते, मोटरला सोपं जातं. फार पातळ घेतली तर लाकूड नाइफवर येऊन अडकतं, ढकलत राहिलात तर तेही धोक्याचंच. शिवाय मधल्या भोकाचा आकार, अमेरिकेतल्या मशीनला ५/८ इंच म्हणजे १५.९ मिमी, युरोपच्या मशीनला बहुतेक ३० मिमी, तेव्हा ऑनलाइन ऑर्डर करताना व्यास बघून खूश होऊ नका, भोक बघा. मशीनच दुसऱ्या देशातून मागवत असाल तर व्होल्टेज पण बघा, १२० वाली २३० वर लावली की संपलं.

आणि खरंच, ब्लेडवर पैसे घाला. मशीनबरोबर येते ती साधारण २४ दातांची असते, उभ्या कटला म्हणजे रेषांच्या दिशेने फाडायला ती बरी, दाते कमी म्हणून मधे जागा मोठी आणि भुसा पटकन बाहेर पडतो. पण प्लाय आडवी कापली की खालची बाजू अशी उधडते की पॉलिश करायची सोय राहत नाही. मी ४० दातांची जनरल ब्लेड कायम लावून ठेवते, प्लायचं आणि लॅमिनेटचं काम असलं की ६० ची. टेबल सॉवर दाते वरून खाली कापत येतात म्हणून चांगली बाजू नेहमी वर ठेवायची आणि खालच्या बाजूला कटच्या रेषेवर मास्किंग टेप चिकटवायची, या छोट्या मशीनची ब्लेडभोवतीची प्लेट पातळ पत्र्याची असते आणि फट मोठी असते म्हणून टेपचा उपयोग जास्तच होतो. दर दोन-तीन महिन्यांनी ब्लेड काढून गरम पाण्यात थोडं डिटर्जंट टाकून जुन्या टूथब्रशने घासते, डिंक आणि चिकटा जमलेला असतो दात्यांवर, तो निघाला की वाटतं नवीनच बसवली. लाकडाला जळाल्याचे काळे डाग पडायला लागले की लोक म्हणतात मोटरला जोर नाही, दहातल्या आठ वेळा ब्लेड घाण असते किंवा फेन्स तिरका असतो.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी काय करायचं ते सांगते, नवीन असो नाहीतर जुनी. प्लग काढा. ब्लेड पूर्ण वर करा. एका दात्यावर मार्करने खूण करा. तो दाता पुढे आणा आणि टेबलावरच्या मायटरच्या खाचेपासून त्या दात्याचं अंतर गुण्याने मोजा, म्हणजे कॉम्बिनेशन स्क्वेअरची पट्टी दात्याला नुसती टेकेल इतकी सेट करा. आता ब्लेड हाताने फिरवून तोच दाता मागे न्या आणि त्याच पट्टीने परत बघा. तोच दाता का, तर ब्लेडला स्वतःला थोडा बाक असला तरी तो हिशोबात येत नाही. पुढे पट्टी जशी टेकली तशीच मागे टेकली पाहिजे, माझ्या मशीनवर मागे कागदाचा एक तुकडा जेमतेम आत गेला, म्हणजे ०.१ मिमी, ते मी तसंच ठेवलं. जास्त फरक असेल तर मॅन्युअलमधे अॅडजस्टमेंट दिलेली असते. ब्लेड खाचेला समांतर झाली की मग फेन्स खाचेला समांतर करायचा. फेन्समधे फरक राहिलाच तर मागचं टोक ब्लेडपासून कागदभर लांब चालेल, जवळ अजिबात नको. शेवटी ब्लेडला गुण्या लावून ९० अंश बघा, मशीनवरच्या पॉइंटरवर विश्वास ठेवू नका. या सगळ्याला मला पाऊण तास लागला आणि त्यानंतर वर्षभर हात लावावा लागला नाही.

मायटर गेजबद्दल बोलायचं तर सगळ्याच स्वस्त टेबल सॉबरोबर येणारा सारखाच असतो, खाचेत खडखडतो. त्यात वेळ घालवू नका. फक्त खाच स्टँडर्ड आहे का ते बघून घ्या, ३/४ इंच रुंद आणि ३/८ इंच खोल, म्हणजे नंतर बाहेरचा चांगला गेज किंवा स्वतः केलेला स्लेड (लाकूड वर ठेवून ब्लेडवरून सरकवायचा पाट) त्यात बसेल. काही मशीनवर खाच भलत्याच मापाची असते, मग आयुष्यभर त्याच कंपनीच्या अॅक्सेसरीज शोधत बसावं लागतं.

बोट लागलं की थांबणाऱ्या मशीनबद्दल पण मी वाचलं होतं घ्यायच्या आधी. सॉस्टॉप नावाची कंपनी आहे, स्टीव्ह गॅस या अमेरिकन माणसाची कल्पना, २००४ पासून त्यांच्या मशीन बाजारात आहेत. ब्लेडमधे अगदी हलका विजेचा सिग्नल सोडलेला असतो, कातडी लागली की तो बदलतो आणि अॅल्युमिनियमचा एक ठोकळा स्प्रिंगने ब्लेडमधे घुसतो, ५ मिलिसेकंदांच्या आत ब्लेड थांबते आणि टेबलाखाली जाते. ब्लेड आणि ठोकळा दोन्ही बाद होतात पण बोटाला नुसता ओरखडा. ओलं लाकूड किंवा खिळा लागला तरी हा ठोकळा उडू शकतो, तेव्हा तो खर्च धरून चाला. आमच्या बजेटमधे ती बसत नव्हती. ज्यांच्या बसत असेल, विशेषतः ज्यांच्या वर्कशॉपमधे मुलं शिकतात किंवा दोन-तीन माणसं एकच मशीन वापरतात, त्यांनी माझं बाकीचं सगळं विसरून ती घ्यावी असंच मी म्हणेन. पण किकबॅक ती थांबवत नाही हे लक्षात ठेवा, तिथे परत फेन्स आणि नाइफच.

साधी मशीन वापरणाऱ्यांनी पुश स्टिक, म्हणजे लाकूड ढकलायची काठी, हाताशी टांगलेली ठेवा, ड्रॉवरमधे ठेवली की वापरली जात नाही. फेन्स आणि ब्लेडमधे तळहाताएवढीही जागा नसेल तर हात नेऊच नका. ब्लेड लाकडाच्या वर एवढीच की दात्यांमधल्या खाचा जेमतेम बाहेर दिसतील. ब्लेडच्या बरोबर रेषेत उभं राहायचं नाही, डावीकडे सरकून उभं राहायचं, म्हणजे उडालंच तर बाजूने जाईल. आणि आडवा कट घेताना मायटर गेज आणि फेन्स दोन्ही एकदम कधीच नाही, कापलेला तुकडा मधे अडकतो आणि उडतो.

कोणी घेऊ नये हे पण सांगते. ज्याचं काम फक्त पूर्ण शीट फाडून मोठे पॅनल काढायचं आहे त्याने या छोट्या मशीनच्या मागे लागू नये. १८ मिमीची पूर्ण शीट तीस-पस्तीस किलोची असते, ती एकट्याने या छोट्याशा टेबलावर सरळ ढकलत नेणं जमत नाही, मशीनच उलटायला लागते. त्यापेक्षा हातातली सर्क्युलर सॉ आणि एक सरळ गाइड रेल घ्या, शीट जमिनीवर थर्माकोलच्या जाड शीटवर ठेवा आणि सॉ फिरवा. मी अजूनही तेच करते, आधी सर्क्युलर सॉने ढोबळ तुकडे, मग टेबल सॉवर बरोबर माप. लांब फळ्यांसाठी मशीनच्या मागे टेबलाच्याच उंचीचा आधार लागतो, मी जुन्या दरवाजाचं पान स्टँडवर टाकलंय, मशीनच्या टेबलापेक्षा २ मिमी खाली, म्हणजे लाकडाचं टोक अडकत नाही.

सेकंडहँड मिळत असेल तर जरूर बघा, त्यात प्लग काढून ब्लेड दोन बोटांत धरून डावीउजवीकडे हलवा, खट असं जाणवलं तर बेअरिंग गेलंय. वरखाली करायचं चाक पूर्ण फिरवून बघा, मधेच जड होत असेल तर बहुतेक भुसाच अडकलेला असतो, ते साफ होतं. नाइफ आणि गार्ड हरवलेले असतील तर त्या मॉडेलचे सुटे मिळतात का ते आधी तपासा, मिळत नसतील तर कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.

आणि मशीन सेट झाली की पहिलं काम कपाट नाही, पहिलं काम क्रॉसकट स्लेड. १२ मिमीची चांगली प्लाय, खाली खाचेत सरकणाऱ्या दोन पट्ट्या, मागे एक सरळ जाड लाकूड ब्लेडला काटकोनात. काटकोन बरोबर आला का ते बघायला एका तुकड्याच्या चारही बाजू एकापाठोपाठ एक कापायच्या, प्रत्येक वेळी आत्ता कापलेली बाजू मागच्या लाकडाला लावून, आणि पाचव्या कटला एक पातळ पट्टी काढायची. त्या पट्टीची रुंदी दोन्ही टोकांना मोजा, जो फरक येईल त्याला चारने भागा, तेवढी चूक तुमच्या काटकोनात आहे त्या लांबीला. माझ्या पहिल्या स्लेडला ३०० मिमीवर फरक ०.८ आला, म्हणजे चूक ०.२ ची. मागच्या लाकडाचा एक स्क्रू सैल केला, टोकाला फीलर गेजची पत्ती सरकवली, परत कसला, परत पाच कट. तिसऱ्या वेळी व्हर्नियरवर दोन्ही टोकं सारखी आली आणि त्याच संध्याकाळी मी ड्रॉवरच्या पहिल्या चार बाजू कापल्या, चिकटवायच्या आधी नुसत्या हाताने जुळवून टेबलावर ठेवल्या तर चौकट न डगमगता उभी राहिली.